सगळ्या आल्या का आत?

कोंबडीच्या मागं पळणारा माणूस दिसला की मला हसू यायचं, कारण माझी माय कधी पळाली नाही. दिवस कलला की ती ओट्यावरून उठायची, ज्वारीचा डबा घ्यायची, अंगणाच्या कडेला जाऊन "तीऽ तीऽ ती" असा आवाज द्यायची आणि लगेच पाठ फिरवून खुराड्याकडं चालू लागायची. मागं वळून बघायची नाही. उकिरड्यावरच्या, कपाशीतल्या, दुसऱ्याच्या गोठ्यात शिरलेल्या सगळ्या कोंबड्या तिच्यामागं धावत निघायच्या. "कोंबडीच्या पुढं चालावं," ती सांगायची. "मागं लागलं का तिला वाटतं, ह्यो कापायलाच आला." आणि ते खोटं नव्हतं. पाहुणे आले की आमचे वडील मागं लागायचे, ते कापायलाच.

खुराडं दगडमातीचं, भिंतीला लागून, तोंडाशी एक शहाबादी फरशी आणि ती टेकवायला एक धोंडा. सगळ्या आत गेल्या असं वाटलं तरी मायचं समाधान व्हायचं नाही. ती गुडघ्यांवर बसून आत हात घालायची आणि एकेकीच्या पाठीवरून फिरवायची. अंधारात नुसत्या हातानं तिला कळायचं कोण आली, कोण राहिली. एखादी राहिली असेल तर ती सापडेपर्यंत माय घरात पाय ठेवायची नाही. चूल पेटलेली असो, पाहुणे ताटावर बसलेले असोत, अंगात ताप असो. आम्ही पोरं भुकेनं कळवळायचो आणि त्या कोंबडीला मनसोक्त शिव्या द्यायचो. मुंगूस सुटलेलं असतं, रानमांजर असतं, हे आम्हाला कळत होतं, पण पोटाला कळत नव्हतं.

मी जालन्यात, मस्तगडला ब्लाऊज शिवते. शिवायचे, म्हणावं आता. दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि खाली रस्ता. नवरा गेला, पोरबाळ नाही, तेव्हा माझं मीच बघत होते आणि बरं चाललं होतं. वडील गेल्यावर माय गावातच एकटी राहिली. आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आहे. मी दर आठवड्याला जायचे. एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, एकदा मीठच नव्हतं. एकदा तिनं मला चहा दिला आणि विचारलं, "एसटी कुठून आली तुही?" मी म्हणाले, जालन्याहून. "तिथं माही पोरगी राहती," ती म्हणाली.

मग मी तिला मस्तगडला घेऊन आले. डॉक्टरांनी तिला तारीख विचारली, तर म्हणाली, "तुमच्या मांगं भिताडावर कॅलेंडर हाय की, पाहा ना." डॉक्टर हसले. मीही हसले. बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडले.

दिवसभर ती शांत असायची. कापडाच्या चिंध्या उचलायची, त्यांच्या घड्या घालायची. पण उन्हं उतरली की तिच्या अंगात काहीतरी यायचं. "कोंबड्या कोंडायच्या राह्यल्या," म्हणत ती उठायची. मी म्हणायचे, माय, कोंबड्या गावाकडं आहेत, नाल्यापलीकडची खाला येऊन रोज कोंडते. ती हो म्हणायची आणि माझी पाठ वळली की जिना उतरायची. दुकानदार तिला परत आणून सोडायचे. एका संध्याकाळी ती ऐन गर्दीत, साड्यांच्या दुकानासमोर मुठीत तांदूळ घेऊन उभी होती. "तीऽ तीऽ ती." गाड्या हॉर्न मारत होत्या आणि चारदोन माणसं उभी राहून हसत होती. त्यांना मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग मी मायकडं बघितलं. ती घाबरली नव्हती. तिला फक्त काळजी होती, दिवस बुडत चाललाय आणि एकही अजून आली नाही याची.

पुण्यातला भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दाराला कुलूप लावत जा संध्याकाळचं." त्याच्या मागं मोठा टीव्ही चालू होता. मी फोन ठेवला आणि टेम्पोवाल्याला बोलावलं. मशीन, पलंग, भांडी आणि माय, सगळं घेऊन गावाला आले. लोक म्हणाले, एवढा बसलेला धंदा सोडून कुठं निघालीस? म्हणणाऱ्यांच्या तोंडाला काय जातं!

टेम्पो अंगणात लागला तेव्हा दिवेलागणच होती. खाला, मायची जुनी मैत्रीण, ओट्यावर बसलेली. माय उतरली, घरात गेलीच नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली फळीवर डबा असायचा, तो तिनं खालाच्या हातातून घेतला आणि आवाज दिला. आणि काय सांगू, चहूबाजूंनी धावत आल्या. माय पुढं चालत होती, पाठ ताठ, पदर डोक्यावर, आणि तिच्या मागं सगळी पलटण. आत हात घालून झाल्यावर तिनं फरशी लावली, हात झटकले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू कवा आलीस, बाई? भाकर टाकू का?" मला बाई फक्त तीच म्हणायची. कित्येक महिन्यांनी म्हणाली.

तेव्हापासून माझा दिवस त्या एका तासासाठी असायचा. एरवी मी कधी तिची नणंद असायचे, कधी शिवणकाम करणारी कुणीतरी. पण कोंबड्या आत गेल्या की थोडा वेळ तिचं सगळं जागेवर यायचं. ती जेवायची, माझं नाव घ्यायची, वडिलांना दोन शिव्या द्यायची आणि निजायची.

दिवसा मात्र निघून जायची. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला तिचं माहेर. तिकडच्या रस्त्याला लागायची, अनवाणी, झपाझप. मी पहिल्यांदा पळत जाऊन तिचा दंड धरला तर तिनं मला मारलं. दातसुद्धा लावले. "सोड मला, कोन हायेस तू?" रस्त्यावरचे लोक माझ्याकडंच चोर असल्यासारखे बघायला लागले. दोनचारदा असं झालं. मग एकदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डबा घेऊन शेतातून आडवी गेले, तिच्या पुढं निघाले, डबा वाजवला आणि पाठ फिरवून गावाकडं चालू लागले. "तीऽ तीऽ ती." मागं पावलांचा आवाज आला. "थांब गं," ती म्हणाली, "मी बी येते, माह्या बी कोंबड्या राह्यल्यात."

असं मी माझ्या मायला घरी आणत होते. एसटीची वाट बघत थांबलेले लोक बघायचे. बघोत. मी पुढं चालायचे आणि पोटभर रडायचे, पण वळून बघायचे नाही. वळून बघितलं की ती थांबायची. मला जगात दुसरं काही नको होतं. फक्त रोज दिवस मावळताना तिनं आपल्या पायांनी घरात यावं, कुणी ओढून नाही, कुलूप लावून नाही.

उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. गावातल्या सगळ्यांच्याच कोंबड्या गेल्या, आमच्या कशा राहतील? सकाळी एक मान वाकडी करून बसलेली दिसली, आणि पुढच्या काही दिवसांत खुराडं रिकामं झालं. खालानं आणि मी माय दुपारची झोपलेली बघून नाल्याच्या काठाला खड्डा केला. खाला माती लोटता लोटता म्हणाली, "आता आपाला काय सांगशील?" खाला मायला आपा म्हणते.

संध्याकाळी मायनं डबा घेतला, आवाज दिला, चालत खुराड्यापाशी गेली आणि वळली. मागं कुणी नव्हतं. तिनं पुन्हा आवाज दिला. कडूसं पडायला लागलं. मी आधीच फरशी लावून ठेवली होती.

"माय, गेल्या सगळ्या आत. चल."

"मी न्हाई पाह्यल्या जाताना."

"तू घरात होतीस तेव्हा गेल्या."

तिनं फरशी सरकवली आणि आत हात घातला. पार खांद्यापर्यंत घातला, कोपरे चाचपले. हात बाहेर काढला तेव्हा बोटाला एक पीस लागलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाली, "लबाड हायेस तू."

मग मी खरं सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि माणूस गेल्यावर रडतात तशी रडली. मी तिला उचलून घरात आणलं, पोटाशी धरलं. वाटलं, झालं एकदाचं. दुसऱ्या दिवशी दिवस कलला, तिनं डबा घेतला आणि आवाज दिला. तिला आठवत नव्हतं. मी परत सांगितलं, ती परत तशीच रडली. तिसऱ्या दिवशीही तेच. तिच्यासाठी त्या रोज नव्यानं मरत होत्या आणि ती बातमी रोज मीच देत होते. मग मी सांगणं सोडलं. येतील माय, म्हणायला लागले. ती अंगणात उभी राहायची. पाय थरथरायला लागले की बाजेवर बसायची, पण घरात यायची नाही. आम्ही अंगणातच निजायला लागलो. उन्हाळा होता म्हणून निभावलं, पण मिरगाचे दिवस जवळ आले होते, आणि पावसात हिला कुठं निजवायची या विचारानं मला घास जात नव्हता.

शेवटी आठवडी बाजारातून नव्या कोंबड्या आणल्या. विकणारा शपथा घेऊन सांगत होता, अस्सल गावरान. कसल्या गावरान! माणूस दिसला की कोपऱ्यात चेंगरून बसणाऱ्या. खालानं बजावलं होतं, "बेटी, बिलकुल सोडायच्या न्हाई. बराबर आठवडाभर डालग्याखाली झाकून ठिव. जागा वळखू दे त्यांना. मंग दिवस बुडताना जरा जरा सोड." मी बांबूचं मोठं डालगं त्यांच्यावर उपडं घातलं, वर पाटा ठेवला आणि पाणी आणायला हौदावर गेले.

आले तर पाटा बाजूला आणि डालगं उताणं पडलेलं. माय कमरेवर हात ठेवून उभी. "कुनी कोंडलं गं माह्या कोंबड्यांना भर दिवसा? पानी न्हाई, काय न्हाई." पाटा तिनं कसा हलवला कोण जाणे. कोंबड्या उकिरड्यावर, कुंपणात, कडुनिंबावर, वाट फुटेल तिकडं गेलेल्या.

मी डोक्याला हात लावला. पण तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं. दिवस मावळायला आल्यावर तिनं डबा घेतला. मला थांबवता आलं असतं, पण कुठल्या तोंडानं थांबवायचं? "तीऽ तीऽ ती." ती पाठ फिरवून चालू लागली. खुराड्यापाशी जाऊन वळली. कडुनिंबाच्या फांदीवर दोघीतिघी बसल्या होत्या, अगदी तिच्या डोक्यावर. त्यांनी माना वाकड्या करून तिच्याकडं बघितलं आणि पंख मिटून घेतले. ती झाडाखाली गेली, मान वर केली, डबा वाजवला, पुन्हा वाजवला. मग तिचा हात खाली आला.

"इसरल्या त्या मला," ती म्हणाली.

मी म्हणाले, "माय, नव्या आहेत त्या, त्यांना माहीत नाही."

"न्हाई. माह्याच हायेत. मला वळखंना झाल्या." आणि तोंडावर पदर घेतला.

इतक्या दिवसांत ती स्वतः विसरते याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. मला वाटायचं, निदान एवढं तरी बरं आहे, तिला कळत नाही. त्या संध्याकाळी तिला कळलं, विसरलं जाणं कसं असतं. नेमकं तेच, जे मला रोज लागत होतं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, पण तिचं रडणं थांबवायला माझ्याकडं काही नव्हतं.

खाला आली ती बगलेत एक म्हातारी, ठिपक्यांची कोंबडी घेऊन. मायनं ही तिला वाट्यानं दिली होती. कोंबडी आपली, दाणापाणी आणि राखण दुसरीची, आणि पिल्लं निघतील ती दोघींत निम्मी, अशी आमच्याकडच्या बायकांची रीत असते. खालाचं घर नाल्यापलीकडं, शेतात एकटंच, म्हणून तिच्याकडं मानमोडी पोचली नव्हती.

"आपा, रोती कायकू?" खाला म्हणाली. "ये देख, तेरीच है. तू दी सो."

मायनं डोळे न पुसताच हात पुढं केला. कोंबडीच्या पाठीवरून, मानेवरून बोटं फिरवली, एका पायाचं वाकडं बोट चाचपलं. "ही माही," ती म्हणाली. खालानं कोंबडी खाली सोडली. ती अंग झटकून उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं आणि माय दोन पावलं चालल्यावर तिच्या मागून चालत सरळ खुराड्यात गेली. अंधार पडल्यावर खालानं आणि मी बाकीच्या झाडावरून अलगद काढून आत घातल्या. एक मुंगसानं नेलीच. माय आत हात घालून आली आणि त्या रात्री घरात झोपली. खाला जाताना मी तिचे हात धरले. ती म्हणाली, "राहू दे तिला तुमच्याकडंच. मला पिल्लं हायेत तिची."

पावसाळाभर म्हातारी कोंबडी मायच्या मागं चालायची आणि नव्या म्हातारीच्या मागं. हळूहळू गोडी लागली त्यांना. माझी मशीनही ओट्यावर सुरू झाली. मला वाटलं होतं, असंच चालेल.

दिवाळीनंतर तिचा तो आवाज गेला. डबा हातात, अंगणाच्या कडेला उभी, तोंड उघडलं आणि काही येईना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "तीऽ तीऽ ती, माय." तिनं ओठ हलवले, पण आवाज लागला नाही. काही दिवसांनी डबा कशाचा तेही तिला कळेनासं झालं. मग मी आवाज द्यायला लागले. ती ओट्यावर बसून बघायची. माझं नाव तर गेलंच होतं, बाई म्हणणंही गेलं. खुराड्यात हात घालणं गेलं. एक तेवढं राहिलं होतं. कोंबड्या आत गेल्याशिवाय ती उठायची नाही, आणि गेल्या की आपली आपण उठून घरात जायची.

थंडीचे दिवस होते. त्या संध्याकाळी मी सगळ्या आत घातल्या, फरशी लावली, धोंडा टेकवला. माय उठून माझ्यापाशी आली. माझा हात हातात घेतला, तिचा गार पडला होता.

"चांगल्या लागल्या गं तुह्या कोंबड्या," ती म्हणाली. "गुणाच्या हायेत."

"तुझ्याच आहेत, माय."

तिनं माझ्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. परक्या पोरीकडं मायेनं बघावं तसं. "जाय आता. दिवस बुडाला. तुही माय वाट पाहत असंल."

"हो, जाते," मी म्हणाले. ती वळली, एकेक पायरी चढून ओट्यावर गेली, घरात शिरली आणि तिनं आतून कडी लावून घेतली.

मी अंगणात उभी. दार आमचं, घर आमचं, आत माझी माय आणि मी बाहेर. हसावं की रडावं कळेना, पण रडूच आलं. मग दार वाजवलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

माझं नाव सांगितलं असतं तर तिला कळलं नसतं. तुझी पोरगी म्हणाले असते तर म्हणाली असती, पोरगी जालन्याला राहती.

"कोन हाय गं?"

"एक राह्यली बाहेर, माय," मी म्हणाले.

कडी लगेच निघाली. दारात उभी राहून तिनं अंधारात हात पुढं केला, माझ्या पाठीवरून, मानेवरून फिरवला. "ये, ये," ती म्हणाली, "लौकर ये आत," आणि मला घरात घेऊन तिनं दार लावलं.